जिवंत पेटी सगळ्यात शेवटी: मुलांना मधमाशा शिकवण्याच्या व्यवसायाचं सातारा जिल्ह्यातलं एक प्रकरण

या कामात नव्यानं उतरणाऱ्यांच्या नेहमीच्या अडचणी एका व्यक्तीभोवती गुंफून हे प्रकरण रचलं आहे. व्यक्ती अशी: वय ३८, राहणार सातारा शहर. नऊ वर्षं खासगी शिकवणी वर्गात पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवलं, मग तो वर्ग बंद झाला. माहेर जावळी तालुक्यात मेढ्याच्या बाजूला, तिथं वडिलांच्या बांधावर सातेरी या देशी मधमाशांच्या चार पेट्या. शाळेतली मुलं त्यांना ‘मधमाशीवाल्या ताई’ म्हणू लागली, म्हणून इथंही ताईच म्हणू. पैशांचे आकडे ताईंच्या परिस्थितीपुरते धरलेले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत.

ताईंपुढचा प्रश्न होता तो असा. शिकवायची हातोटी आहे, माशांची थोडी सवय आहे, यावर घर चालेल का? चालायचं असेल तर पहिल्या वर्षी काय हातात घ्यायचं आणि कशाला हातच लावायचा नाही?

सुरुवातीची तयारी

महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मध केंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळाला १० दिवसांचं प्रशिक्षण मिळतं आणि साहित्यावर ५० टक्के अनुदान आहे. ताईंनी आधी हे प्रशिक्षण घेतलं, मग एक पूर्ण वर्ष वडिलांबरोबर पेट्या सांभाळल्या. त्यात एक पावसाळा आला, हे महत्त्वाचं. जावळीच्या पावसात माशांना बाहेर पडता येत नाही, साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि पाक सांडला की मुंग्या लागतात. ज्यानं हे केलेलं नाही तो मुलांच्या तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. “पावसात त्या काय खातात?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच.

माशांच्या जातींबद्दल थोडक्यात. आपल्याकडे पेटीत नांदणारी देशी माशी म्हणजे सातेरी. उंच झाडावर, पुलाखाली, पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं लटकवते ती आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. भिंतीच्या फटीत मेण आणि डिंकाची बारीक नळी काढून राहणारी, डंख नसलेली काळी चिमुकली माशी ती पोया. पाचवी मेलिफेरा, बाहेरून आणलेली, तीही पेटीतच पाळतात. शाळेच्या कामाला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते ती पोया. तिचं दार शाळेच्याच जुन्या दगडी भिंतीत सापडू शकतं. ते एका हाताच्या अंतरावरून बघता येतं, आणि अगदी चिडली तरी ती फार तर केसांत शिरून बारीक चावते. ताईंना हे उशिरा सुचलं.

पहिला बेत आणि तो कुठे चुकला

ताईंचा पहिला बेत बहुतेकांचा असतो तोच: पारदर्शक पेटीत एक जिवंत पोळं घालायचं, शाळेत न्यायचं, मुलं बघतील. नोव्हेंबरमध्ये कोरेगावच्या बाजूच्या एका शाळेत त्यांनी हे केलं. अकराची वेळ, १४० मुलं एकदम, पेटी व्हरांड्यातल्या लोखंडी टेबलावर. तासाभरात ऊन व्हरांड्यात सरकलं आणि अ‍ॅक्रिलिकच्या आतली हवा तापली. माशा पंखांनी वारा घालू लागल्या, आवाज वाढला. साडेबाराला मधानं जड झालेला पोळ्याचा वरचा भाग तुटून खाली बसला. राणी त्यातच गेली.

एकेक कारण बघितलं तर प्रत्येक टाळण्यासारखं होतं. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण चाळिशीच्या आसपासच ते मऊ पडतं आणि वजन पेलत नाही. माशा पिल्लांजवळचं तापमान ३४-३५ अंशांवर राखतात, म्हणजे चूक करायला फार जागा उरत नाही. पेटीला हवेची भोकं फक्त वरच्या बाजूला होती. खाली भोकं नसतील तर हवा खेळत नाही. दोन पारदर्शक बाजूंमधलं अंतर ५० मिलिमीटर होतं, तेही सातेरीसाठी जास्त. तिच्या पिल्लांच्या पोळ्याची जाडी धरा २० ते २२ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना माशीला फिरायला आठ-आठ, म्हणजे ३८ मिलिमीटर पुरे. त्याहून जास्त जागा मिळाली तर माशा त्या बाजूंना जोडून आडवं मेण बांधतात आणि पोळं दिसेनासं होतं. कमी ठेवली तर माशा चिरडतात. शिवाय निवडलेली चौकट, म्हणजे पोळं धरणारी लाकडी फ्रेम, मधानं भरलेली होती, कारण ती ‘छान दिसत होती’. न्यायची असते ती बंद कोशांची, म्हणजे जिच्या झाकलेल्या कप्प्यांत अळ्यांच्या माशा होत असतात अशी चौकट: वजन कमी, पोळं जुनं आणि घट्ट, आणि पिल्लं सोडून माशा सहसा हलत नाहीत.

राणी न्यायलाच नको होती. सुदैवानं मागे राहिलेल्या चौकटींवर अंडी आणि कोवळ्या अळ्या होत्या, म्हणून वसाहतीनं नवी राणी केली. तशी राणी ११-१२ दिवसांत बाहेर येते, मग तिचं मीलन, आणि अंडी दिसायला तीन आठवडे लागतात. अळ्या नसत्या तर सातेरीत कामकरी माशाच लवकर अंडी घालू लागतात, त्यातून फक्त नर निपजतात आणि वसाहत संपते.

आणखी एक गोष्ट झाली. गाडीतून पेटी उतरवताना जाळीला बाहेरून चिकटून आलेल्या काही माशा उडाल्या आणि एका मुलीच्या मानेला डंख बसला. सूज आली, उतरली. पण पालकांचं संमतिपत्र घेतलेलं नव्हतं, कोणाला अ‍ॅलर्जी आहे हे विचारलेलं नव्हतं. त्या शाळेनं पुन्हा बोलावलं नाही, आणि तिचं म्हणणं रास्त होतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र शिकवण्याची होती. १४० मुलांपैकी पोळं खरंच बघितलं ते पुढच्या वीस-पंचवीस जणांनी. बाकीच्यांच्या हाती आवाज आणि भीती लागली.

उलटा क्रम

पुढच्या जूनपासून ताईंनी क्रम उलटा केला. एका वर्गाबरोबर वर्षात पाच भेटी, एका वेळी जास्तीत जास्त ४० मुलं, आणि पेटीतल्या जिवंत माशा फक्त पाचव्या भेटीत. हा निर्णय आमच्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. मुलं चार वेळा पोळं, फूल आणि माशीचं शरीर हाताळून झालेली असली की पाचव्या वेळी ती ओरडत नाहीत. ती शोधतात: नर कुठला, कोश कुठले, परागाचा गोळा कुठल्या पायावर.

पहिली भेट ओळखीची. खिडकीच्या कट्ट्यावर, रस्त्यावरच्या दिव्याखाली मेलेल्या माशा, गांधीलमाश्या, भुंगे, घरमाश्या सापडतात. त्या वाळवून झाकणाच्या पारदर्शक डब्यांत ठेवायच्या, दहापट भिंगातून बघायच्या. पंख मोजा: घरमाशीला दोन, मधमाशीला चार. गांधीलमाशीची कंबर बारीक आणि अंग गुळगुळीत, मधमाशी केसाळ, कारण पराग केसांनाच चिकटतो. डोळे पाच, हे मुलांना स्वतः मोजू द्यावं. तीन छोटे डोळे डोक्यावर असतात आणि ते सापडले की वर्गात एकच गलका होतो.

दुसरी भेट पोळ्याची, आणि इथं वेळ द्यावा. दोन तुकडे लागतात: एक नवं पांढरट पोळं, एक जुनं काळपट, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं वाढली. जुनं पोळं तसंच पिशवीत ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत मेणपतंगाच्या अळ्या त्याचा जाळ्यांनी भरलेला भुगा करतात. ताईंचा पहिला साठा असाच गेला. उपाय सोपा आहे: पोळं घरच्या फ्रीजरमध्ये ४८ तास ठेवायचं, बाहेर काढून ओल सुकू द्यायची, मग घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायचं. डांबराच्या गोळ्या घालू नयेत, मुलं हे पोळं नाकाला लावणार असतात.

मग मोजणी. पट्टीनं एका ओळीतले १० कप्पे मोजायचे आणि दहानं भागायचं. सातेरीच्या पोळ्यात साधारण ४३ ते ५० मिलिमीटर येतात, म्हणजे कप्पा सव्वाचार ते पाच मिलिमीटरचा. एकच कप्पा मोजायला लावला तर प्रत्येक गट वेगळं उत्तर काढतो आणि वाद होतो. तो वाद आधी होऊ द्यावा, मग दहा मोजायला सांगावेत. सरासरी का काढतात हे सातवीच्या मुलाला याहून सोप्या रीतीनं कळत नाही. त्यानंतर एक रुपयाची सात नाणी: एक मधे ठेवा, भोवती बरोब्बर सहा बसतात. नाण्यांमधल्या तिकोनी फटी दाखवून विचारायचं, “इथं मेण भरायचं का?” मेण स्वस्त नाही. एक किलो मेण घडवायला माशांना सहा ते आठ किलो मध खर्च करावा लागतो असं मानतात. सहाकोनाचं उत्तर मुलं स्वतः देतात.

तिसरी भेट फुलाची, परसबागेत. पोषण आहारासाठी अनेक जिल्हा परिषद शाळांत परसबाग असते, तिथं जूनमध्ये लाल भोपळ्याचं बी लावून घ्यायचं. दुधी आणि दोडका मुद्दाम टाळायचे. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्यावर पतंग येतात, आणि शाळेच्या वेळात दाखवायला काहीच राहत नाही. ही चूक एकदा झाली की अख्खा हंगाम वाया जातो. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून भेट सकाळच्या शाळेच्या दिवशी हवी. सुरुवातीला आठवडाभर नुसती नर फुलं येतात, तेव्हा “आमच्या वेलाला भोपळाच धरत नाही” असा मुख्याध्यापकांचा फोन येतो. देठाशी इवलासा भोपळा असलेलं फूल मादी. उद्या उमलणाऱ्या तीन मादी कळ्या आदल्या संध्याकाळी मुलांनी शोधायच्या. एकीवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधून ती तशीच ठेवायची. दुसरीवरही पिशवी, पण सकाळी नर फुलातला पराग मऊ ब्रशनं लावून पुन्हा बांधायची. तिसरी उघडी. आठवड्याच्या आत पहिलीचा भोपळा पिवळा पडून गळतो. नोंद मुलांनी रोज करायची, ताई तिथं असायची गरज नाही. उघडं फूलही गळलं तर निराश होऊ नये. पावसाची झड असेल तर माशा येतच नाहीत, आणि हेही शिकण्यासारखंच आहे.

महाबळेश्वर, वाई, जावळीकडच्या शाळांत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी जोडीला येते. फळावरचा प्रत्येक बारीक दाणा म्हणजे एक वेगळं बी. जिथले दाणे फळले नाहीत तिथं गर फुगत नाही आणि फळ वाकडं होतं. थंडीनं आणि किडीनंही फळ वाकडं होतं, एवढं सांगावं. पण वाकड्या फळावरचे बारके, न फुगलेले दाणे भिंगातून दाखवले की परागीभवन हा शब्द पाठ करावा लागत नाही.

इथंच एक गैरसमज दुरुस्त करायला हवा, कारण तो शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो: मधमाशा संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाले. त्यांनी तसं म्हटल्याचा पुरावा नाही, आणि विधानही खरं नाही. ऊस, ज्वारी, गहू, भात यांना मधमाशी लागत नाही. सांगलीकडच्या द्राक्षालाही फारशी नाही. कांद्याचं बी, सूर्यफूल, कारळा, मोहरी, भोपळा-काकडी यांना तिचा मोठा आधार आहे. कृष्णाकाठच्या मुलाच्या घरी ऊसच असतो. त्याला ‘सगळं संपेल’ सांगितलं तर घरी वडील हसतात आणि ताईंचा बाकीचा शब्दही जातो. “घरच्या कुठल्या पिकाला माशी लागते?” ही यादी त्यालाच करू द्यावी.

चौथी भेट नाचाची, मैदानावर. फुलं कुठे आहेत हे माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना सांगते. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी हा नाच उलगडला, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. पोळ्यावर ‘सरळ वर’ म्हणजे सूर्याची दिशा, आणि माशी उभ्या रेषेपासून जेवढी तिरकी धावते तेवढ्याच कोनात सूर्यापासून फूल. फळ्यावर उभी रेषा काढायची, एका मुलानं कोन ‘नाचायचा’, बाकीच्यांनी मैदानावर लपवलेली कागदी फुलं शोधायची. थरथरत धावण्याचा वेळ म्हणजे अंतर: मेलिफेरात साधारण एक सेकंदाला एक किलोमीटर. सातेरीची पट्टी वेगळी आहे, तिचा पल्लाही लहान. खेळात एक सेकंदाला दहा पावलं धरावीत. हा खेळ नऊ-दहाच्या आत घ्यावा. दुपारी सूर्य डोक्यावर चढतो, त्याची दिशाच सांगता येत नाही आणि गट भलतीकडे पळतात. साताऱ्याच्या अक्षांशावर तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सावलीच नाहीशी होते.

पाचवी भेट

जिवंत पोळ्याचा काळ पश्चिमेकडच्या तालुक्यांत ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसात पेटी उघडायची नाही, आणि मार्चपासून ऊनही तापतं आणि परीक्षाही येतात. शक्य असेल तिथं मुलांनाच पेटीकडे आणावं, दहा-दहाच्या गटानं. पेटीच्या बाजूनं, किमान पाच मीटरवरून, दारासमोरची उडायची वाट मोकळी ठेवून. आणता येत नसेल तरच काचेची पेटी न्यायची.

त्या पेटीत ताईंनी केलेले बदल: ३८ मिलिमीटर अंतर, अ‍ॅक्रिलिकऐवजी कडक केलेली काच, कारण ती वाकत नाही. वर आणि खाली हवेच्या फटी, त्यांवर दोन मिलिमीटरची जाळी. झाकण स्क्रूनं बंद, मुलांच्या हातानं न उघडणारं. बंद कोशांची एक चौकट, राणीशिवाय, भरभक्कम वसाहतीतूनच. पहाटे माशा उडायच्या आत भरायची, बाहेर चिकटलेल्या माशा ब्रशनं झाडून मगच गाडीत. गाडीत पोळ्याची पातळी प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवायची, आडवी ठेवली तर प्रत्येक ब्रेकला पोळं हेलकावतं. दुचाकी नको, एसटी तर नकोच. वर ओलसर सुती कापड, उन्हापासून लांब, आणि तीन तासांच्या आत चौकट मूळ पेटीत परत. “राणी कुठाय?” असं मुलं विचारतातच. “ती घरी आहे, ती आली असती तर मागच्या हजारो माशांना आई उरली नसती” हे उत्तर त्यांना पटतं.

सुरक्षेत तडजोड नाही. आठवडाभर आधी पालकांचं संमतिपत्र, त्यात एकच ठळक प्रश्न: पूर्वी माशी चावल्यावर अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला असं कधी झालं का? ज्याचं उत्तर ‘हो’ ते मूल पहिल्या चार भेटींत असतं, पाचवीत नाही. अत्तर, सुगंधी तेल, गजरा नको. डंख बसला तर काटा ताबडतोब काढायचा, नखानं खरवडा नाहीतर चिमटीत धरा, उशीर करू नका. काट्यामागची विषाची पिशवी सुटल्यावरही विष ढकलत राहते. मग पाण्यानं धुऊन, थंड फडकं ठेवून अर्धा तास नजरेसमोर बसवायचं. श्वासाला त्रास, आवाज बसणं, चक्कर, अंगभर पित्त यांपैकी काहीही दिसलं तर १०८. घशात, तोंडात, डोळ्याला डंख किंवा एकदम बरेच डंख असतील तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना. डंखाच्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माशांना धोक्याचा इशारा असतो, म्हणून त्या मुलाला पेटीपासून लगेच दूर न्यायचं. सगळ्या वर्गाला डब्यात केळं खाऊन न येण्याची सूचना द्यावी, कारणासकट. मुलं ती कधी विसरत नाहीत.

एक विनंती मात्र ताईंना दर दुसऱ्या शाळेत होते: “आमच्या टाकीखालचं आग्यामोहोळ तेवढं काढून द्या.” नाही म्हणावं. आग्या उठली तर शेकड्यांनी पाठलाग करते, ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. धूर करून, जाळून तर कधीच नाही. बहुधा हंगाम सरला की ते मोहोळ आपणच उठून जातं. तोवर ती बाजू दोरी बांधून बंद ठेवायची, दगड मारणाऱ्याला आवर घालायचा, आणि ते उठलंच तर तोंड झाकून सरळ जवळच्या खोलीत पळून दार लावायचं, हे मुलांकडून एकदा करवून घ्यावं.

हिशेब

एका फेरीत दोन तुकड्या, ४०-४० मुलं, मुलामागे ५० रुपये: ४,००० रुपये. प्रवास ६००, साहित्य ३००, मदतनीस ५००. उरतात २,६००. खासगी सहा शाळा, प्रत्येकी पाच भेटी, म्हणजे वर्षाला ३० फेऱ्या आणि ७८,००० रुपये. यावर घर चालत नाही, हे पहिल्या दिवशी कागदावर आलं पाहिजे. ताईंनी म्हणून एकेका व्याख्यानाची मागणी नाकारायला सुरुवात केली आणि शाळांशी वर्षाचाच करार केला. व्याख्यानाला तयारी तेवढीच लागते आणि पुढचं काम मिळत नाही. दुसरा पाय पाचगणीतल्या निवासी शाळांचा, त्यांना सुट्टीच्या दिवसांचे उपक्रम लागतात. तिसरा, मेढ्याच्या बांधावर शनिवार-रविवारची कुटुंबांची भेट, सकाळी आठ ते दहा, १५ जणांपुरती. चौथा शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण आणि डब्यांचा तयार संच.

जिल्हा परिषद शाळेत मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. तिथला खर्च ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी किंवा गावातली एखादी सोसायटी उचलते, पण मार्ग शाळा व्यवस्थापन समितीतून जातो. आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. पत्रात इयत्ता, पाठ्यपुस्तकातला घटक आणि तासाची वेळ लिहिलेली असली की होकार लवकर येतो. दप्तराविना शनिवार या कामाला सगळ्यात सोयीचा.

जागतिक मधमाशी दिनाच्या, म्हणजे २० मेच्या भरवशावर राहू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये तो जाहीर केला, पण तेव्हा आपल्याकडे शाळांना सुट्टी असते. त्या आठवड्यात कुटुंबांच्या भेटी होतात, शाळांच्या नाही.

मध चाखवायचा असेल तर परवानाधारकाकडचा, बंद बाटलीतला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावं, कारण घरी धाकटं भावंड असतं आणि मूल उरलेला थेंब प्रेमानं त्याच्याच बोटावर ठेवतं. स्वतःच्या पेट्यांचा मध शाळेत विकायचा मोह ताईंनी पहिल्या वर्षी टाळला: अन्न नोंदणी झालेली नव्हती, आणि शिकवायला आलेली बाई विकायला बसली की पुढच्या वेळी मुलं प्रश्न विचारण्याआधी भाव विचारतात.

दुसऱ्या वर्षाच्या जूनसाठी त्यांच्या वहीत तीनच नोंदी आहेत. भोपळ्याचं बी सहा शाळांना पाठवणे. जुनं पोळं फ्रीजरमधून काढून डब्यात भरणे. कोरेगावच्या त्या शाळेला पत्र लिहून फक्त पहिली भेट मागणे, मेलेल्या माशांच्या डब्यांची.